तांदळातली सीताफळं

विद्यानगरच्या वळणावर सीताफळांच्या पाट्या लागल्या. खाली ओला पाला, त्यावर रचलेली हिरवी, खवल्याखवल्यांची फळं आणि मागे रंग उडालेल्या छत्र्या उघडून बसलेल्या बायका. गेली दोन वर्षं या दिवसांत मी त्या वळणावर स्कूटर जरा जोरातच काढते. ठरवून नाही, ॲक्सिलरेटर आपोआप पिळला जातो. पण आज सकाळी चहा पिताना बाबा वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, "वसू, येताना सीताफळं आण. कच्ची. पिकलेली नक्को." आई गेल्यापासून बाबांनी स्वतःहून काही खायला मागितलं नव्हतं. ताटात येईल ते खायचं, पाणी प्यायचं, उठायचं. मी "हो" म्हटलं आणि बुटाचे बंद बांधायला खाली वाकले, ते बराच वेळ बांधतच राहिले.

आमच्या घरी सीताफळ कच्चंच यायचं. पाटीवर पिकून बसलेल्या फळावर आईचा काडीचा विश्वास नव्हता. "दहा जणांनी दाबून पिकवलेलं ते," असं म्हणायची. ती डोळे उघडलेली, म्हणजे खवल्यांमधल्या रेषा पिवळट पडायला लागलेली फळं निवडून आणायची आणि तांदळाच्या पिंपात पुरायची. वर ठेवायची नाही, आत घालायची. बांगड्या कोपरावर सरकवून हात खोल जायचा आणि रिकामा वर यायचा. मग फळं कुठे आहेत हे फक्त तिच्या हाताला माहीत.

ते पिंप अल्युमिनियमचं, कमरेएवढं, स्वयंपाकघराच्या दारामागे उभं. त्याचे काही कायदे होते. तांदूळ "संपले" म्हणायचं नाही, "वाढले" म्हणायचं. आणि पिंपाचा तळ कधी दिसू द्यायचा नाही. वीतभर तांदूळ उरले की वरून नवं पोतं ओतायचं. त्यामुळे अगदी तळाचे तांदूळ कुठल्या सालातले हे कुणालाच सांगता आलं नसतं. आमचे पणजोबा इथेच निजामाच्या महसुलात कारकून होते. बाबा म्हणायचे, "खाली त्यांच्या वेळचे राशनचे तांदूळ असतील. हात लावू नका, सरकारी माल आहे." हा विनोद ते दर वर्षी करायचे आणि आई दर वर्षी न हसता पिंपाचं झाकण लावायची.

मी इथल्या एका संशोधन संस्थेत काम करते. काय काम, हे नातेवाइकांना सांगताना माझी दर वेळी तारांबळ उडते. आकाशगंगा आपल्याला दिसते ती ताऱ्यांमुळे. पण तिच्याभोवती, तिच्या कितीतरी पट मोठा, न दिसणाऱ्या द्रव्याचा एक ढीग असतो. त्याला मराठी पुस्तकांत कृष्णद्रव्य म्हणतात. ते उजेड देत नाही आणि अडवतही नाही. ते तिथे आहे हे कळतं ते त्याच्या ओढीवरून, कारण तारे ज्या वेगानं फिरतात त्या वेगात त्यांना धरून ठेवायला दिसणारं द्रव्य पुरत नाही. त्या मोठ्या ढिगात लहान लहान गुठळ्या असतात. त्या बाहेरून येतात, मोठ्याच्या ओढीत सापडतात आणि घिरट्या घालता घालता झिजत जातात. हे सगळं आम्ही कॉम्प्युटरवर मांडतो. द्रव्याच्या जागी ठिपके घालायचे, ठिपक्यांना एकमेकांची ओढ लावायची, आणि विश्वाचं सगळं वय काही दिवसांत पुढे सरकू द्यायचं. यालाच सिम्युलेशन म्हणतात. पडद्यावर जांभळं-पिवळं सुंदर काहीतरी दिसतं, पण ते रंग आम्ही भरलेले. तिथे खरा तर काळोखच असतो.

आईला हे सांगितलं तेव्हा ती पिठलं घोटत होती.

"म्हणजे गुठळ्या?"

"हो, तसंच काहीतरी."

"धन्य आहे. मी जन्मभर गुठळ्या मोडत आले आणि माझी लेक शिकून-सवरून गुठळ्या शोधते!"

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी चपला काढायच्या आत स्वयंपाकघरातून हाक यायची, "सापडल्या का गं?" मी "आज नाही" म्हणायची. त्यावर ती "बरं, पिठलं खा, त्यात तर नाहीतच," असं म्हणायची. हे इतक्यांदा झालं की शेवटी शेवटी मी उत्तरही द्यायची नाही, नुसती ताट घ्यायची.

दोन वर्षांपूर्वी, दसरा नुकताच झाला होता. सकाळी आईनं सीताफळं आणली. मी डबा पिशवीत कोंबत होते आणि ती पिंपापाशी ओणवी होती. हात कोपरापर्यंत तांदळात, गाल पिंपाच्या कडेला टेकलेला. तशीच, वर न बघता म्हणाली, "रविवारपर्यंत होतात बघ. आणि ऊठसूट दाबून बघत बसू नको. आपोआप होतात." मी "हं" म्हटलं. दुपारी जेवून ती पडली. चार वाजता बाबा चहा घेऊन उठवायला गेले. त्यांचा फोन आला तेव्हा मी संगणकांच्या खोलीत होते. तिथे मशिनांसाठी इतकी थंडी ठेवतात की भर उन्हाळ्यातही आम्ही शाल पांघरतो. बाबा म्हणाले, "वसू, आई उठत नाहीये." त्यांच्या आवाजात घाबरण्यापेक्षा तक्रार जास्त होती. मी शाल खुर्चीच्या पाठीवर नीट घडी करून ठेवली आणि निघाले.

पुढच्या दिवसांतलं मला सगळं दिसतं, पण काच मध्ये धरल्यासारखं. दारातल्या चपला. कुणाच्या तरी मनगटावरचं घड्याळ, ते पुढे धावत होतं. शेजारच्या अम्मा तेलुगूत काहीबाही बोलून माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि मी त्यांच्या साडीच्या काठावरचे मोर बघत होते. सगळे मला सांगायचे, रडून घे. मी प्रयत्नही करून पाहिला. न्हाणीघरात आरशासमोर उभी राहिले आणि चेहरा रडण्यासारखा केला. आरशातली बाई फारच वाईट नटी होती. तोंड धुऊन बाहेर आले.

मला खरी धास्ती वेगळीच होती, आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. आईचा आवाज मला आठवेना. ती काय काय बोलायची ते शब्द न् शब्द आठवत होते, पण ते माझ्याच आवाजात. फोनमध्ये तिचे निरोप होते. "दूध आण", "उशीर होणार असला तर सांग", असले. ते लावून ऐकले. आवाज होता, पण फोनमधला. माझ्या आत काही वाजेना. चष्मा, औषधांची पाकिटं, खुंटीवरचं पातळ अशा बाहेरच्या वस्तू तेवढ्या उरल्या होत्या, आणि मधोमध जिथे ती असायला हवी होती तिथे सपाट. सख्खी आई इतक्या लवकर एखाद्यातून विरघळून जाते का? की माझ्यात ती मुळात थोडीच होती? ही भीतीसुद्धा मी अशी थंडपणे, एखादं गणित तपासावं तशी तपासत होते. त्याचीच मला जास्त भीती वाटायची.

घरात एक वास येऊ लागला. गोडसर, थोडा आंबूस. तसबिरीवरच्या हारांचा असेल म्हणून कुणीतरी हार बदलले. जेवणाचे डबे नातेवाइकांकडून येत होते, त्यामुळे स्वयंपाकघरात चहापलीकडे काही होत नव्हतं. वास मला ओळखीचा वाटत होता, पण उठून शोधावा असं वाटत नव्हतं. बाबांनाही येत असणार. ते दारामागच्या त्या कोपऱ्याकडे बघायचे आणि मान वळवायचे.

तेराव्यानंतर कुकटपल्लीच्या सरलामावशीनं, आईच्या धाकट्या बहिणीनं, पदर खोचून स्वयंपाकघराचा ताबा घेतला. भात टाकायला तिनं पिंपाचं झाकण उचललं आणि चिलटांचा एक ढग वर आला.

"अगोबाई! ताईनं सीताफळं घातली होती की यात!"

ती एकेक काढू लागली. फळं कसली, काळा, पाझरता लगदा झाला होता. आजूबाजूचे तांदूळ चिकटून त्यांचे गोळे झाले होते. मावशी काढत होती आणि रडत होती, नाक दंडाला पुसत होती. मी परात धरून उभी होते. गोळे परातीत पडायचे तेव्हा थप्प असा आवाज व्हायचा, तो मी ऐकत होते.

"सगळं पिंप उपसते," मावशी म्हणाली. "तळापासून उन्हात घालायला पाहिजे, नाहीतर किडे होतील."

बाबा दारात येऊन उभे होते. "सरला, नक्को. वरचे काढ, वाळव, परत घाल. पिंप रिकामं करायचं नाही."

"अहो भावोजी, खराब होईल सगळं."

"होऊ दे. तिनं कधी रिकामं केलं नाही."

मावशीनं हाताला लागले तेवढे ओले तांदूळ काढले, गच्चीवर चादर टाकून वाळवले, संध्याकाळी पाखडून परत घातले. फळं सगळी निघाली असं आम्ही धरून चाललो. मावशीनं हात धुतले आणि मला जवळ घेतलं. "असं दगडासारखं राहू नये गं वसू. कधीतरी फुटेल ते." मी "हो मावशी" म्हटलं. गोळी वेळेवर घे म्हटल्यावर म्हणतात तसं.

मग मी कामावर जाऊ लागले. तिथे बरं वाटायचं, कारण तिथे कुणालाच काही वाटायची गरज नव्हती. माझ्या वाट्याला जो प्रश्न होता तो थोडक्यात असा. सिम्युलेशनमध्ये लहान गुठळ्या झिजत जातात. मोठ्याची ओढ त्यांच्या कडेचे ठिपके ओरबाडून नेते. गुठळीत ठिपके फारच थोडे उरले की आमचं सॉफ्टवेअर तिला गुठळी म्हणेनासं होतं. आदल्या चित्रात ती असते आणि पुढच्यात नसते. मी अशाच एका गुठळीच्या मागे होते. ती बराच काळ टिकली, मग आकाशगंगेच्या फार जवळून गेली आणि दिसेनाशी झाली. मी अहवालात लिहिलं, नष्ट झाली.

माझ्या मार्गदर्शक विजया मॅडम मूळच्या वरंगळच्या. बोलणं इंग्रजीत, पण रागावल्या किंवा माया आली की तेलुगू. त्यांनी ते वाक्य वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

"नष्ट झाली हे तुला कुणी सांगितलं?"

"त्यानंतर ती दिसत नाही, मॅडम."

"तुला दिसत नाही, एवढंच तुला माहीत आहे. तेवढंच लिही." मग पेन परत उचलत म्हणाल्या, "चूडम्मा, हे बघ बाई, तुझे ठिपके जाड आहेत. जाड ठिपक्यांची लहान गुठळी त्यांच्याच धक्क्यांनी फुटते. तो दोष तिचा नाही, आपल्या मांडणीचा आहे. ठिपके बारीक कर आणि परत चालव."

मी मान हलवली. घरी परतताना स्कूटरवर, बर्कतपुऱ्याच्या सिग्नलला, त्यांचं बोलणं मला परत ऐकू आलं, आणि ते फक्त गुठळीबद्दल नाही हे मला कळलं. पण कळणं वेगळं आणि वाटणं वेगळं. सिग्नल हिरवा झाला, मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न मारला, मी निघाले.

बारीक ठिपक्यांचं काम मशीनवर चढवलं आणि दिवाळी आली. वर्षाच्या आत दिवाळी आली तर अशा घरात कढई चढत नाही, आकाशकंदील लागत नाही. फराळ बाहेरून येतो. आमच्या नल्लकुंट्यातल्या उरल्यासुरल्या मराठी घरांतून, मावशीकडून, बाबांच्या जुन्या सहकाऱ्याकडून, जो आला तो डबा घेऊन आला. कुणाच्या चिवड्यात कढीपत्ता जास्त, कुणाच्या शंकरपाळ्याला तुपाचा हात सढळ. ओट्यावर डब्यांची रांग लागली. एवढा फराळ आमच्या घरी कधीच नव्हता, आणि खाणारे दोघं. बाबा चकली खाताना डावा हात हनुवटीखाली धरत होते, चुरा सांडू नये म्हणून. सांडला तर ओरडणारं घरात आता कुणी नव्हतं. ते मी पाहिलं. मी त्यांच्या ताटलीत आणखी एक चकली वाढली.

दिवाळीनंतर काम पूर्ण झालं. मी चित्रं उघडली. गुठळी होती. आकाशगंगेच्या अगदी जवळून गेली, कडेचं जवळजवळ सगळं गमावून बसली, पण मधला गाभा तसाच. लहान, घट्ट, फिरत होता. नुसतं बघून सापडला नसता, कुठे बघायचं ते ठाऊक असल्यामुळे सापडला. मॅडमनी पाठ थोपटली. मी यंत्रावरचा चहा घेतला, कप कचऱ्यात टाकला, शाल पांघरली आणि पुढचं काम लावलं. संध्याकाळी घरी आले. चपला काढताना क्षणभर थांबले. कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या दिवशी पहिल्यांदा उत्तर "हो" होतं.

त्या ऋतूबद्दल मला सांगता येईल ते एवढंच. थंडी जास्त पडली नाही. फराळ संक्रांतीपर्यंत पुरला. मागच्या वर्षी सीताफळं आली आणि गेली, आम्ही दोघांनीही त्यांचं नाव काढलं नाही. पिंपात मात्र तांदूळ पडत राहिले. वीतभर उरले की बाबा पोतं सांगायचे. दुकानातून आलेला माणूस पोतं ओतायचा आणि बाबा झाकण लावायचे. एकदा मी म्हणाले, "बाबा, तांदूळ संपले," तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी लगेच "वाढले, वाढले," म्हणाले. ते थोडे हसले. मीही हसले, म्हणजे तोंडानं.

तर आज मी वळणावर थांबले. छत्रीखालच्या बाईनं माझा चेहरा बघूनच ओळखलं असावं की हिला निवडता येत नाही. "कच्चे होना क्या अम्मा? ये लेओ, आँखाँ खुले सो देतूँ. चावल में दबा दो, तीन-चार रोज में हो जाते." मी म्हटलं, ठाऊक आहे. तिनं निवडलेली घेतली.

घरी आले तर बाबांनी पिंप दारामागून पुढे ओढून ठेवलं होतं. झाकण काढून ते स्टुलावर बसले होते, ऑपरेशनच्या आधी डॉक्टरची वाट बघावी तसे. तांदूळ वीतभराच्याही खाली आले होते, पोतं उद्या येणार.

"तू घाल," ते म्हणाले. "माझी कंबर वाकत नाही."

मी बाही वर केली. आत वाकले तेव्हा गाल आपोआप पिंपाच्या कडेला टेकला, कारण त्याशिवाय हात पोचतच नाही. आई तशी का उभी राहायची ते मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. तांदूळ आत गार होते. पहिलं फळ घातलं, दुसरं घातलं. तिसऱ्याला जागा करायला बोटं खाली, अगदी तळाशी घातली आणि तिथे आधीच काहीतरी होतं.

कठीण. ओबडधोबड. मी न बघता ओळखलं.

बाहेर काढलं. काळंठिक्कर, आक्रसलेलं, लिंबाएवढं झालेलं सीताफळ. तळाच्या कोरड्या तांदळात ते पिकलंही नव्हतं, सडलंही नव्हतं, नुसतं वाळलं होतं. मावशीचा हात तिथवर पोचला नव्हता, बाबांनी पोचू दिला नव्हता. बाबांनी ते हातात घेतलं, कानाशी धरून हलवलं. आत बिया वाजल्या.

मग त्यांनी अंगठ्यानं त्यावरची तांदळाची पूड पुसली आणि माझ्याकडे परत दिलं.

"ठेव जिथे होतं तिथे."

"बाबा, हे आता पिकायचं नाही."

"ठाऊक आहे. तू ठेव." ते गुडघ्यावर हात टेकून उठू लागले. "आणि ऊठसूट दाबून बघत बसू नको. आपोआप होतात."

वाक्य आईचं, बाबांच्या घोगऱ्या गळ्यातून आलेलं. पण मला ते आईच्या आवाजात ऐकू आलं. वाकून बोलल्यामुळे पिंपात घुमलेला, वर न बघता काढलेला, थोडा वैतागलेला तिचा आवाज. फोनमधला नव्हे. तो माझ्यात होता, अगदी जसाच्या तसा.

हात तळाशी, मुठीत ते वाळकं फळ, गाल पिंपाच्या कडेला, अशी मी उभी राहिले आणि मला रडू आलं. फार मोठ्यानं नाही. बाबा माझ्या पाठीशी उभे होते. त्यांनी मला गप्प केलं नाही, रडून घे असंही म्हणाले नाहीत. नुसतं झाकण हातात धरून थांबले, माझा हात बाहेर येईपर्यंत.